ड्युटीवरचा ताण: वर्कशॉपच्या आधी रिलीव्हर द्या

वॉर्ड_इन्चार्ज

नमस्कार मंडळी. मी सरकारी रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे सगळे जिला इन्चार्ज सिस्टर म्हणतात ती. विदर्भातलं जिल्ह्याचं ठिकाण, मेडिसिनचा वॉर्ड. इथे बरेच डॉक्टर, सिस्टर, ब्रदर आहेत म्हणून हा विषय मुद्दाम काढतेय.

आमच्याकडे अधूनमधून स्ट्रेस मॅनेजमेंटचं ट्रेनिंग येतं. प्रोजेक्टर, श्वासाचे व्यायाम, ग्रुप फोटो, चहा-बिस्किट. श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत, मी स्वतः रोज करते. पण त्या ट्रेनिंगला जी सिस्टर बसते ती एकतर नाईट करून तशीच थांबलेली असते नाहीतर तिचा ऑफ त्यात गेलेला असतो, आणि ती तिकडे बसली की वॉर्डात उरलेल्या एकीवर चाळीस पेशंट येतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्म्सप्रमाणे टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक आणि आयसीयूत एकास एक सिस्टर हवी. प्रत्यक्षात काय असतं ते इथल्या प्रत्येकाला माहितीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की ताण कमी करायची पहिली जागा ड्युटी रोस्टर आहे, माणसाचं मन नंतर. पदं भरणं माझ्या हातात नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या सिस्टर कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, २०२५ च्या जुलैतही गेल्या, तो लढा चालूच राहील. पण तोपर्यंत वॉर्डाच्या चार भिंतींच्या आत इन्चार्जला बरंच काही करता येतं, आणि ते आम्ही करतोय म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ऑफ. पुढच्या महिन्याचे ऑफ आदल्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत बोर्डावर लागतात आणि लागले की मी ते हलवत नाही. कुणाला बदलायचा असेल तर दोघींनी आपसात बदलायचा आणि रजिस्टरला दोघींची सही. "उद्या ये गं, कोणी नाहीये" हा फोन मी बंद केलाय. ऑफ अचानक जाणार नाही हे माहीत असलं की माणूस लेकराला दवाखान्यात नेण्याचं ठरवू शकतो, माहेरी जाऊ शकतो, नुसतं झोपू शकतो. आजारी पडून आयत्या वेळी कोणी आलं नाही तर मी स्वतः वॉर्डात उभी राहते किंवा मेट्रन ऑफिसला लेखी कळवते की आज इतक्या पेशंटला इतक्या सिस्टर आहेत. लेखी हवंच, कारण उद्या काही झालं तर जाब ड्युटीवरच्या सिस्टरला विचारतात.

दुसरं, जेवण. दुपारची पाळी २ ते ८, त्यात डबा उघडायला वेळ नाही म्हणून तशाच घरी जाणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. लघवीला जायला नको म्हणून पाणी न पिणाऱ्याही. आता प्रत्येकीच्या नावापुढे ब्रेकची वेळ आणि तिचे पेशंट कोण बघणार तिचं नाव लिहिलेलं असतं. "वेळ मिळाला की जाऊन ये" म्हटलं तर कोणीच जात नाही, नाव लिहिलं की जातात. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, यांचीही नावं त्याच बोर्डावर.

तिसरं, मृत्यू. मेडिसिन वॉर्डात रोजचाच. सीपीआर दिला, पेशंट एक्स्पायर झाला, बॉडी नीट करून नातेवाइकांच्या ताब्यात दिली आणि तेवढ्यात ट्रॉलीवर नवीन ॲडमिशन, लगेच सलाइन लावा. आमच्याकडे नियम असा की जिने शेवटपर्यंत केलं तिला पुढची ॲडमिशन द्यायची नाही, दहा मिनिटं तिने आतल्या खोलीत बसायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा. मावशीलासुद्धा, कारण बॉडी पुसून गुंडाळायला तीच असते आणि तिला आजवर कधी कोणी विचारलेलं नाही.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. नुसती गाऱ्हाणी पण चालतील, ती बाहेर पडलेलीच बरी.

केसपेपर

ताई, डोळ्यात पाणी आलं मावशींचं वाचून. +१

पोस्ट_ड्युटी_ऑफ

मुंबईत मेडिसिनचा रेसिडेंट आहे. ताई तुमच्या वॉर्डात हाऊसमनला, म्हणजे आम्हा ज्युनियर डॉक्टरांना, पण बोर्डावर घ्या अशी विनंती.

आमची इमर्जन्सी म्हणजे सकाळी आठला सुरू, रात्रभर ॲडमिशन, दुसऱ्या दिवशी सरांचा राउंड, मग ओपीडी, मग राहिलेले डिस्चार्ज, संध्याकाळी कधीतरी हॉस्टेलवर, आणि हॉस्टेलवर एका खोलीत इतके जण की एकाची इमर्जन्सी सुरू होते तेव्हा दुसऱ्याची संपलेली असते, त्यामुळे अलार्म कायम कोणाचा तरी वाजत असतो. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये स्पष्ट आहे की सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको आणि आठवड्याला एक सुट्टी. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या) टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी अशी शिफारस केली. मार्डचा (राज्यातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा) जानेवारी २०२३ चा संप झाला त्यातही हॉस्टेल आणि सिनियर रेसिडेंटची पदं हेच विषय होते.

लोकांना वाटतं आम्ही आरामासाठी भांडतोय. ऑस्ट्रेलियातला १९९७ चा अभ्यास आहे, सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, २४ तासांनी ०.१० टक्के. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस स्कूटर चालवू देणार नाहीत त्याहून वाईट अवस्थेत आम्ही सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकतो. बॉस्टनच्या आयसीयूमध्ये २००४ साली इंटर्नच्या २४ तासांच्या वरच्या ड्युट्या काढून बघितल्या तर जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या असं निघालं. हा प्रश्न पेशंटचा आहे.

आमच्या युनिटमध्ये एवढंच झालंय की पोस्ट ड्युटीला, म्हणजे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी, राउंड संपला की दुपारी १ वाजता घरी. सरांनी ठरवलं आणि झालं. वरून कुठलाही जीआर आला नव्हता.

रात्रपाळी_२०-८

ताईंनी झोपेचं लिहिलं नाही, का ते मला कळतंय :) पण लिहायला हवं. रात्री ८ ते सकाळी ८ बारा तास, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे असून दिसत नाही. त्याच वेळेत पोटॅशियमचं ॲम्प्युल हातात असतं, ज्याचा डोस चुकला तर जीव जाऊ शकतो. मेमोच्या भीतीने सगळे लपून टेबलावर डोकं टेकवतात. लपून झोपलेलं जास्त धोक्याचं, कारण तेव्हा वॉर्ड कोणाच्याच ताब्यात नसतो.

वॉर्ड_इन्चार्ज

बरोबर ओळखलंत. लिहू की नको असं झालं होतं. आमच्याकडे रात्री दोघी असतात. २ ते ५ च्या मधे एकेकीने पाळीने आडवं व्हायचं, आतल्या खोलीत खाट आहे. जायच्या आधी सिरियस पेशंटचा बेडसाइड ओव्हर द्यायचा (खाटेपाशी उभं राहून माहिती सोपवायची), चावी आणि फोन दुसरीकडे, आणि रजिस्टरला वेळ लिहायची. मामाला सांगून ठेवायचं की बेल वाजली की आधी उठव. एकटी सिस्टर असेल त्या रात्री नाही. मेट्रन मॅडमकडून तोंडी परवानगी घेतली होती, पुढे मी मागे लागून लेखी घेतली.

कायदा_काय_म्हणतो

माझा विरोध नोंदवतो, राग मानू नका. आमच्या वडिलांना पहाटे चार वाजता त्रास झाला होता आणि सिस्टर सापडायला वेळ लागला. नातेवाईक म्हणून मला कळायचं कसं की कोण परवानगीने झोपलंय आणि कोण तसंच? मला तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे पण आमचा माणूस तिथे असतो.

पोस्ट_ड्युटी_ऑफ

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण ताईंच्या पद्धतीत तुम्हाला सिस्टर लगेच सापडली असती, कारण एक जागी आहे हे ठरलेलं असतं. तुमच्याकडे बहुधा दोघी एकाच वेळी गळून गेल्या असतील किंवा एकच असेल आणि ती दुसऱ्या टोकाला असेल.

वॉर्ड_इन्चार्ज

@कायदा_काय_म्हणतो, तुम्ही बोललात ते बरं केलंत. रात्री वॉर्डात कोण जागं आहे हे नातेवाइकांना दिसलं पाहिजे हा मुद्दा मला पटला. टेबलावर नावाची पाटी ठेवता येईल, "आत्ता ड्युटीवर अमुक सिस्टर". उद्याच करून घेते.

मनोविकार_ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, माझ्या ओपीडीत आपल्याच क्षेत्रातले लोक येतात, बहुतेक खूप उशिरा येतात.

बर्नआउट आणि डिप्रेशन यात गल्लत होते म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून येणारी अवस्था असं म्हटलंय, आणि तिची तीन अंगं सांगितली आहेत. शरीर-मन पार थकणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरं अंग मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जी सिस्टर कालपर्यंत आजोबांना हाताला धरून बाथरूमला नेत होती ती आज "१४ नंबर" म्हणून ओरडते, तेव्हा तिच्यावर चिडण्याआधी तिचा रोस्टर बघा. बर्नआउटला रजा, रोस्टर, चांगला इन्चार्ज याने फरक पडतो. पण उदासी रजेतसुद्धा जात नसेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार लागतात. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

टेली-मानसचा नंबर १४४१६, २४ तास, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभं राहायला लाज वाटते हे मी समजू शकतो, म्हणून दुसऱ्या शहरात दाखवा, ऑनलाइन दाखवा, पण दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, तुमचे डॉक्टर तुमच्या डीनला परस्पर काही सांगू शकत नाहीत.

आणि कळकळीची विनंती, स्वतःच्या हाताने अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. नाईटनंतर दिवसा झोप येत नाही म्हणून अर्धी, मग एक, असं सुरू होतं. स्टॉक आपल्या हाताशी असतो हाच आपला धोका आहे.

वॉर्ड_इन्चार्ज ताई, तुमच्या दहा मिनिटांबद्दल एक. तिथे बसून झालेला प्रसंग सांगायची सक्ती करू नका. प्रसंगानंतर लगेच एका बैठकीत सगळ्यांना सगळं बोलायला लावणं याने पुढचा त्रास टळत नाही, डब्ल्यूएचओ सुद्धा ते करू नका म्हणते. सोबत, चहा, "घरी फोन करायचाय का" एवढं पुरे. बोलावंसं वाटलं तर ऐकायला कोणी असावं.

वॉर्ड_इन्चार्ज

सक्ती नाहीच डॉक्टर. बऱ्याच जणी गप्प बसतात, काही जणी रडतात, काही फोनवर मुलांशी बोलतात. मी दार लोटून घेते आणि कोणाला आत जाऊ देत नाही, तेवढंच माझं काम.

फार्मात_नाही_आता

डॉक्टरांना विचारायचं होतं, ज्याच्या हातून डोस चुकतो त्याचं काय? आमच्या इथे एका मुलाकडून इन्सुलिनचं युनिट चुकलं, पेशंट वाचला, पण मुलगा आठवडाभर जेवला नाही. आणि वरून शो-कॉज.

मनोविकार_ओपीडी

याला वैद्यकीय वाङ्मयात दुसरा पीडित म्हणतात, २००० साली अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट वू यांनी यावर लिहिलं. पहिला पीडित पेशंट, दुसरा ज्याच्या हातून घडलं तो. चौकशी व्हायलाच हवी, पण ती दोन प्रकारची असते. "कोणी केलं" विचारणारी, आणि "दोन्ही इन्सुलिनच्या व्हायल एकाच ट्रेमध्ये का होत्या, चाळीस युनिटची सिरिंज आणि शंभर युनिटची सिरिंज एकाच ड्रॉवरमध्ये का होती" हे विचारणारी. दुसऱ्या प्रकारात पुढचा पेशंट वाचतो. त्या मुलाला ड्युटीवरून एकदम बाजूला काढू नका, काही दिवस सिनियरच्या जोडीला द्या. एकटं पाडलं की तो हे क्षेत्रच सोडेल.

कॅज्युअल्टी

सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा डॉक्टर, म्हणून काम केलंय. सगळ्यात मोठा ताण मला विचाराल तर दाराशी जमणाऱ्या जमावाचा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला रेसिडेंटला मारलं, राज्यभर संप झाला, मग सुरक्षा बलाचे गार्ड आले. कायदा तर २०१० पासून आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र. तरी मार खाल्लेला डॉक्टर एकटाच पोलीस स्टेशनला बसतो, तारखांना एकटाच जातो, आणि वर्षभराने कंटाळून मिटवून टाकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि खून झाला त्या घटनेनंतर केंद्राने आपल्या रुग्णालयांना सांगितलं की हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेनेच एफआयआर करायची, जबाबदारी संस्थाप्रमुखाची. हे प्रत्येक हॉस्पिटलने, खाजगीनेसुद्धा, स्वतःहून करावं. तक्रारदार संस्था असली की त्या मुलाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं जातं.

आणि वाईट बातमी एकट्याने सांगू नका. डॉक्टर आणि सिस्टर दोघं, बसून, जवळच्या एक-दोन नातेवाइकांना. तब्येत बिघडतेय हे दर दोन तासांनी सांगत राहिलं तर शेवटी एकदम धक्का बसत नाही.

गट_प्रवर्तक

सगळे हॉस्पिटलचे बोलतायत, आमचं पण ऐका. मी आशांच्या गटाची आहे. २०२२ ला डब्ल्यूएचओने देशातल्या आशांना पुरस्कार दिला, फोटो सगळ्यांनी टाकले. पण आशा ही कागदावर स्वयंसेविका, म्हणून रजा नाही, मोबदला कामावर, आणि काम रोज वाढतं. सर्व्हे, आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, मातृवंदनेचे फॉर्म, लसीकरण, सगळं तिच्याच फोनवर, रेंज नसलेल्या गावात. रात्री दहाला फोन येतो मॅडम आज रिपोर्ट का नाही भरला. २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसलो होतो तेव्हा लोकांना वाटलं फक्त पैशासाठी बसल्यात. पैसा हवाच, त्याशिवाय कसं चालेल, पण मान पण हवा.

एक छोटी गोष्ट सांगते. कळा आलेल्या बाईला घेऊन आशा रात्री ग्रामीण रुग्णालयात जाते, बाळंतपण पहाटे होतं, तोवर ती व्हरांड्यात बाकावर बसून. गाडी सकाळशिवाय नाही. आतून कडी लागणारी एक खोली आणि संडास एवढं द्या, तिची अर्धी भीती कमी होते. काही ठिकाणी अशी खोली आहे, पण तिची चावी साहेबांकडे असते. आमच्या भागात आम्ही बैठकीत विषय लावून धरून चावी लेबर रूमच्या सिस्टरकडे ठेवून घेतली.

आणि आमच्या गटात ठरवलंय रात्री ८ नंतर ग्रुपवर रिपोर्टचं काही टाकायचं नाही. इमर्जन्सी असेल तर थेट फोन. मी स्वतः टाकत नाही, वरून आलं तरी सकाळी पुढे पाठवते.

वॉर्ड_इन्चार्ज

चावी लेबर रूमच्या सिस्टरकडे! हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने आजच करावं. एक रुपया लागत नाही.

लेस्टरकर

यूकेमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. इथेही माणसं कमी आहेत, इथल्या लोकांचंही रडणं तेच. पण आमच्या हॉस्पिटलमध्ये श्वार्ट्झ राउंड होतो. बॉस्टनचे केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील होते, १९९५ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, त्यांच्या नावाने सुरू झालेली पद्धत. तासभर, जेवणाच्या वेळेत, जेवण हॉस्पिटल देतं. कन्सल्टंटपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे एका खोलीत. दोन-तीन जण एखाद्या पेशंटमुळे आपल्याला काय वाटलं ते सांगतात, उपचार बरोबर की चूक ही चर्चा नाही, सल्ला कोणी द्यायचा नाही. पहिल्यांदा मी एका सर्जनला लहान मुलाबद्दल बोलताना आवाज जड होताना ऐकलं आणि त्यानंतर ओटीत त्यांना काही विचारायला मला कधीच भीती वाटली नाही. सांगलीत काम करताना मला सरांशी बोलायचीच भीती असायची, शंका आली तरी गप्प बसायचे. ते गप्प बसणं किती धोक्याचं असतं ते आता कळतं.

तिचा_नवरा

मी मेडिकलचा नाही, बायको स्टाफ नर्स आहे खाजगी हॉस्पिटलात, बारा बारा तास. धागा तिनेच वाचायला दिला. घरच्यांनी काय करावं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ती नाईट करून आली की आमच्याकडे दुपारी दोनपर्यंत बेल बंद असते, दारावर चिठ्ठी, दूधवाल्याला सांगितलंय, खिडकीला जाड काळा पडदा. सुरुवातीला आईला वाटायचं सून दिवसा झोपते, मग एका रात्री आईला ॲडमिट करावं लागलं आणि तिने स्वतः बघितलं रात्रभर सिस्टर किती चालतात. आता आईच सगळ्यांना गप्प करते. आणि आल्या आल्या काय झालं विचारत नाही. तिला सांगायचं असतं तेव्हा ती जेवताना सांगते. स्कूटरवर परत येताना तिला झोप लागायची म्हणून आता मी आणायला जातो, नाहीतर रिक्षा. हे कृपया सगळ्यांनी करा.

पोस्ट_ड्युटी_ऑफ

दादा हे फार महत्त्वाचं लिहिलंत. २००५ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, २४ तासांच्या वरच्या ड्युटीनंतर घरी जाताना इंटर्नच्या अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त होती.

निवृत्त_मेट्रन

सर्व वाचलं. मुलींनो आणि मुलांनो, आमच्या काळी हे बोलायचीसुद्धा सोय नव्हती. एक व्यवहाराचं सांगते. रात्रीचा आराम असो की ब्रेकचा बोर्ड, तोंडी परवानगीवर चालवू नका. मेट्रन बदलली, सिव्हिल सर्जन बदलले की पहिला मेमो तुम्हालाच. अर्जात "विश्रांती" हा विषय लिहू नका, "रुग्णसुरक्षेसाठी रात्रपाळीतील आळीपाळीची व्यवस्था" असं लिहा, सोबत वॉर्डातली खाटांची संख्या आणि त्या महिन्याची रोजची स्टाफ संख्या जोडा, आवक क्रमांक घ्या आणि झेरॉक्स वॉर्डात ठेवा. आकडे जोडलेलं पत्र ऑफिसला टाळता येत नाही.

रात्रपाळी_२०-८

मॅडम, वॉर्ड_इन्चार्ज ताई, तुमच्या त्या पत्राचा मसुदा मिळेल का? आमच्या इन्चार्ज चांगल्या आहेत, करतील, पण लिहायचं कसं ते त्यांनाही माहीत नाही.

वॉर्ड_इन्चार्ज

देते. नावं आणि हॉस्पिटल काढून इथेच टाइप करते, निवृत्त मेट्रन मॅडम तुम्ही एकदा भाषा तपासून द्या. ब्रेकच्या बोर्डाचे रकाने पण टाकते: नाव, पाळी, ब्रेकची वेळ, पेशंट कोण बघणार, गेली का. शेवटचा रकाना सोडू नका, पाळी संपताना इन्चार्जने तोच बघायचा.